बाबांचा जबाब

सकाळी साडेसहाला आईचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या वसतिगृहात नळाच्या रांगेत बादली घेऊन उभी होते. आईनं थोडक्यात सांगितलं. बागेत संत्री तोडायला चोर घुसले होते, त्यातला एक विळा घेऊन बाबांच्या अंगावर आला आणि बाबांनी बंदूक चालवली. त्या माणसाच्या मांडीत छर्रे गेले, गावातल्या पोरांनी त्याला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. बाबांना काही लागलं नव्हतं.

आमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत आणि रानडुकरं आहेत, म्हणून काही घरांत पीक राखायच्या परवान्याची बंदूक असते. आमच्याकडे ती आजोबांपासून आहे. बाबांनी तिच्यातून हवेत बार काढलेले मी लहानपणापासून ऐकले होते. माणसावर ती कधी चालेल असं घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आईला वाटत होतं की मला सगळं येत असेल. मला फारसं काही येत नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून मी पुस्तकातलं जे जे आठवेल ते आठवत होते आणि आमच्या तालुक्याचं मोर्शी येईपर्यंत त्यातलं निम्मं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आठवत होती. मागच्या वर्षी कॉलेजचं कायदेविषयक शिबिर अकोल्याजवळच्या एका गावात होतं. मी समाजमंदिरात उभी राहून, पोलिसांनी चौकशीला नेलं तर वकिलाला भेटता येतं, वगैरे पाठ केलेलं बोलत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, वकील येईलोक पोलीस काय चहा पीत बसते?" लोक हसले. मीही हसले. नंतर आमच्या मॅडमनी सांगितलं होतं की अटक झालेल्याला फुकट वकील मिळण्याची सोय तालुक्याच्या कोर्टातही असते, फक्त मागावा लागतो. त्या शिबिरात आमच्या तालुक्यात हे काम करणाऱ्या एका वकीलबाईंचा नंबर मी लिहून घेतला होता. बसमधूनच त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की दुपारपर्यंत त्या कोर्टात अडकल्या आहेत. "ठाण्यात बोलावलं तर टाळू नका, जा. काय घडलं त्याची चार ओळींची खबर लेखी द्या. बाकीचा जबाब मी आल्यावर. लपवायचं काही नाही, पण घाईही करायची नाही."

घरी पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. दोन शिपाई येऊन जागा पाहून, बंदूक ताब्यात घेऊन गेले होते. जाताना त्यांनी पोलीस पाटलांना सांगितलं होतं की बारापर्यंत यांना ठाण्यात घेऊन या. अंगणात लग्नघरासारखी माणसं जमली होती. मधे खाटेवर बाबा, एका बाजूला मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि दुसऱ्या बाजूला पोलीस पाटील. बाबा सांगत होते. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते.

"नेम धरूनच मारला ना. मांडीतच मारला. छातीत मारला असता त जाग्यावरच गेला असता."

आणि माणसं माना हलवत होती. मोठेबाबा म्हणाले, "याचा नेम कधी चुकला का?" त्यांच्या आवाजात अभिमान होता.

आमच्याकडे बंदूकवाल्या माणसाचा नेम म्हणजे त्याची इज्जत. डुक्कर निसटलं तरी तो 'चुकला' म्हणत नाही, 'सोडून देल्लं' म्हणतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी उलट विचारत नाही. पण हेच वाक्य ठाण्यात कागदावर उतरलं की त्याचा अर्थ एकच होणार होता. माणसाला मारायचं ठरवून गोळी झाडली.

मी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. पोलीस पाटील चांगले माणूस आहेत, त्यांनी समजावलं की आमच्याकडची रीत वेगळी आहे. जो आधी ठाण्यात जाऊन सगळं सांगतो त्याचं खरं धरतात, मागून येणारा आरोपी होतो. मोठेबाबांना तर वकील हा शब्दच लागला. "चोर वकील करते. आपन काय चोरी केली का? खरं बोलनाऱ्याले कायचं भेव?"

मी बाबांना म्हटलं, शर्ट बदलून घ्या, आणि त्यांच्या मागोमाग गोठ्याकडे गेले. तिथे दुसरं कुणी नव्हतं. बाबा बटणं लावत होते. एक बटण तीनदा सुटलं.

"बाबा, खरंच नेम धरला होता?"

ते खाली बघतच म्हणाले, "कायचा नेम व माय. तो विया घेऊन धावला. मी मागं सरकलो त पाय दांडात गेला. पडता पडता डोये मिटले अन् दाबलं. भेलो होतो मी."

दांड म्हणजे पाणी सोडायची नाली. बागेत तिच्यात माझेही पाय कितीदा अडखळले आहेत.

"मग लोकांना असं कशाला सांगता?"

"आता सांगून बसलो ना."

"ठाण्यात तरी हे सांगाल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिथं दादा असन, पाटील असन, अर्धं गाव असन. त्यायच्यासमोर माह्या तोंडून ते निघन नाई."

त्या क्षणी माझं ठरलं. तोवर मी वकिलाचा आग्रह धरत होते तो पुस्तकात लिहिलं आहे म्हणून. आता मला कळलं होतं की बाबांना खरं बोलायला एक बंद दार आणि एक परकं माणूस लागणार आहे. ते मिळेपर्यंत त्यांना बोलू द्यायचं नाही.

मी वहीचा कागद फाडून खबर लिहिली. आज पहाटे उजाडताना माझ्या बागेत तीन अनोळखी माणसं संत्री तोडताना दिसली. मी हटकल्यावर एक जण विळा घेऊन अंगावर आला. माझ्या परवान्याच्या बंदुकीतून बार झाला व तो जखमी झाला. सविस्तर जबाब मी वकिलासमक्ष देण्यास तयार आहे. मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी सही केली.

ठाण्यात आम्ही वेळेच्या आधी पोहोचलो. ठाणेदार पन्नाशीचे होते, तोंड भरून बोलणारे. त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, हां, आता सांगा काय काय झालं ते. इतक्या आपुलकीनं विचारलं की मलाच सांगावंसं वाटलं. बाबा काही बोलण्याआधी मोठेबाबा पुढे झाले.

"साहेब, नेम धरूनच..."

"मोठेबाबा, थांबा," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मधे अडवलं. मी कागद टेबलावर ठेवला. ठाणेदारांनी तो सावकाश वाचला.

"काय शिकता?"

"एलएलबी. दुसरं वर्ष."

"म्हणजे प्रॅक्टिकल वडिलांवरच चालू आहे." कोपऱ्यातला शिपाई हसला. "कोणत्या कलमाखाली थांबायचं मी?"

नवे कायदे आल्यावर कलमांचे आकडे बदलले होते. जुना आकडा आठवत होता, नवा आठवेना. माझे कान तापले. "सर, आकडा आत्ता आठवत नाही. पण चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, हे नक्की आहे. वकीलबाई दीडपर्यंत येतील. बाबा सगळं सांगणार आहेत, सर. फक्त त्या आल्यावर."

"गप्प बसणाऱ्याबद्दल माझं मत काय होतं, माहीत आहे ना?" हे त्यांनी मला नाही, बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गावात कुणापुढे कधी माघार न घेणारे माझे बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "पोरगी म्हनते तसं, साहेब."

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मोठेबाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. मला दर पाच मिनिटांनी वाटत होतं की मी चूक केली आहे, आणि दर पाच मिनिटांनी मी ते मनातच दाबत होते.

वकीलबाई पावणेदोनला आल्या, काळा कोट हातावर टाकलेला. त्यांनी बाबांशी एकांतात बोलायला दहा मिनिटं मागितली आणि जबाबाच्या वेळी बाकीच्यांना बाहेर थांबवलं. मोठेबाबा आणि पाटील फाटकाशी गेले. मला त्यांनी दारापाशी राहू दिलं. ठाणेदार विचारत होते, एक हवालदार लिहीत होता.

"नेम कुठे धरला होता?"

"नेम नोता, साहेब," बाबा म्हणाले. "मी भेलो होतो. पडता पडता डोये मिटले होते."

हवालदारानं लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग लिहिलं.

संध्याकाळी बाबांना अटक झालीच. मोठेबाबा म्हणाले, पाह्य तुया वकिलाचा फायदा, आणि निघून गेले. मी वकीलबाईंना विचारलं, मी थांबवलं नसतं तरी हेच झालं असतं का. त्या म्हणाल्या, "अटक झालीच असती. पण जबाबात नेम आला असता, तर जामिनासाठी मी उद्या कोर्टात काय म्हणाले असते?" पाचव्या दिवशी जामीन झाला. दवाखान्यातला तो माणूस तोवर काठी घेऊन चालू लागला होता. खटला अजून चालू आहे, त्याचं काय होईल ते मला माहीत नाही.

जामिनानंतर आम्ही दोघं ऑटोनं गावी आलो. चौक दिसायला लागला तसं बाबांनी विचारलं, "आता लोकायले काय सांगू?"

"ठाण्यात सांगितलं तेच."

"हासतीन."

"हो. हसतील. पण तेच लोक उद्या साक्षीला येतील, बाबा. तुम्ही नेमाचं बोललात ते त्यांनीच ऐकलंय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण बसले होते, मोठेबाबाही होते. कुणीतरी लांबूनच हाक मारली, या शिकारी. ऑटो थांबल्यावर मी पिशवी घेऊन उतरले.

"तू घरी जा," बाबा म्हणाले. "मी सांगून येतो."

आणि ते टपरीकडे चालायला लागले.