सबनीसबाई आणि अनुस्वार

सबनीसबाई निबंधाला मार्क देत नसत. वही परत यायची तेव्हा शेवटच्या ओळीखाली हिरव्या शाईत एकच प्रश्न असायचा, 'हे तू पाहिलंस?' बाकी काही नाही. चूक नाही, शाबासकी नाही. घरी वडील विचारायचे, "किती मिळाले?" आणि मी वही पुढे करायची. ते केंद्र सरकारच्या कचेरीत अपर डिव्हिजन क्लार्क होते. प्रत्येक कागदावर काहीतरी शेरा हवा अशी त्यांची सवय. तो प्रश्न वाचून ते माझ्याकडे बघायचे आणि मी जमिनीकडे. कारण बहुतेक वेळा मी ते पाहिलेलं नसायचं.

दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत बाई आम्हाला सातवीला मराठी शिकवायच्या. ठेंगण्या, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत आवाज न करणाऱ्या चपला. ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला. वर्गात आम्ही बत्तीस जण. त्यातल्या सव्वीस जणांना गाय आवडत होती, आणि सव्वीसही गायी उपयुक्त, गरीब आणि चार पायांच्या होत्या. सगळ्यांनी एकाच निबंधमालेतून उतरवलेल्या.

बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "रोज शाळेत येताना भाजीबाजारात गायींना वळसा घालून येता ना?"

"हो बाई."

"परवा त्या एकशिंगी गायीनं माधुरीच्या पिशवीतली कोथिंबीर खाल्ली. मग ती गाय इथे का नाही?"

माधुरी म्हणजे मी. सगळे हसले. पण मला अचंबा वाटला. निबंधात खऱ्या गायीला घेता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

डिसेंबरात वर्ग गारठून जायचे, म्हणून आम्ही सतरंज्या घेऊन अंगणात उन्हात बसायचो. अशाच एका सकाळी फाटकातून एक पांढरा कुत्रा आत आला आणि आमच्या सतरंजीच्या कडेला आडवा झाला. अंगावर कुठेही डाग नाही, फक्त कपाळावर मधोमध एक काळा ठिपका. प्रकाश म्हणाला, "बाई, याच्या डोक्यावर अनुस्वार आहे!" झालं. कुत्र्याचं बारसं तिथेच उरकलं. शिपाई रामदीन त्याला 'अन्नू' म्हणायचा, आम्ही मात्र पूर्ण नावाने हाक मारायचो.

बाईंनी खुर्ची दोन पावलं मागे सरकवली. मग म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. आज याच्याकडे बघायचं. लिहायचं नाही. उद्या प्रत्येकानं एकच वाक्य आणायचं, शेजारच्याला न दिसलेलं."

पहिले काही दिवस आमची फजिती झाली. दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. दिल्लीत वाढलेली पोरं आम्ही. घरात मराठी, पण निम्मे शब्द बाहेरचे. "बाई, तो अंगडाई घेतोय." "बाई, तो बिल्कुल हिलत नाहीये." बाई रागावत नसत. "आधी बघ, मग शब्द माग," म्हणायच्या. "मागितल्याशिवाय मी देणार नाही. न मागता दिलेला शब्द तुम्ही घरी जाईपर्यंत हरवता."

वर्गात एक मुलगी मात्र काहीच मागत नव्हती. रंजना. तिचे वडील फौजेत हवालदार होते आणि ती कँटोनमेंटमधून दोन बस बदलून यायची. साताऱ्याकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली. पहिल्याच दिवशी तिने "मला ठावं न्हाई" म्हटलं आणि आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मधल्या सुट्टीत मी तिची नक्कलही करून दाखवली. त्यानंतर दोन महिने रंजनाने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

एके दिवशी अनुस्वारने कुणाचा तरी डबा पळवला म्हणून रामदीनने त्याला चांगलंच झापलं. तो भिंतीपाशी जाऊन बसला. बाईंनी विचारलं, "कसा बसलाय?"

"चुपचाप," एक जण म्हणाला.

"सिकुडून," मी म्हटलं.

"मराठीत?"

कुणालाच येईना. तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी बारीक. "अंग चोरून बसलंया."

मला त्या 'बसलंया'चं हसू फुटणार होतं. पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते घशातच राहिलं. त्या उठल्या, अंगणात आणून ठेवलेल्या फळ्यावर 'अंग चोरून' एवढंच लिहिलं आणि खडू हातात घेऊन त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "या वर्गात आज पहिल्यांदा कुणीतरी कुत्रा पाहिला. रंजना, पुढे येऊन बस. तुझ्याकडे शब्द आहेत गं. आमच्याकडे नाहीत. आम्हाला देशील?"

त्या दिवसापासून शब्द रंजनाकडे मागायचे असा नियम झाला. अनुस्वारने कान टवकारले, फतकल मारली, आळोखेपिळोखे दिले, वेटोळं केलं, हे सगळं आम्ही तिच्याकडून शिकलो. मी तिच्याकडे पहिला शब्द मागितला तेव्हा माझे कान तापले होते. तिने मात्र लगेच दिला. माझ्या त्या हसण्याचा एका अक्षराने उल्लेख केला नाही.

सगळं छान चाललं होतं, तोच एका पालकांनी तक्रार केली. शाळेत भटका कुत्रा येतो, उद्या कुणाला चावला तर जबाबदार कोण? पालकांची सभा बोलावली गेली. माझे वडील त्या सभेला गेले होते. कुणाचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र चहाचा कप हातात तसाच धरून ते आईला सांगत होते.

तक्रार करणारे गृहस्थ बाईंना म्हणाले होते, "मॅडम, तुम्हाला कुत्र्यांचा शौक असेल. त्यासाठी आमच्या मुलांना धोका कशाला?"

बाई उभ्या राहिल्या. "मला कुत्र्यांची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांची असताना मला कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. अजून रस्त्यात कुत्रं दिसलं की मी पलीकडच्या बाजूला जाते. हा अंगणात येतो तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटतो. तरी रोज मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसते, कारण त्याच्याकडे बघताना तुमची मुलं खरं लिहितात. बारा वर्षं शिकवतेय, मला हे एकटीला जमलं नव्हतं. त्याला इंजेक्शन द्या, पट्टा घाला, काय हवं ते करा. पण त्याला घालवू नका."

एवढं सांगून वडिलांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी माझी वही मागितली आणि पहिल्यांदाच निबंध सुरुवातीपासून वाचला.

अनुस्वारला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन दिलं, तांबडा पट्टा आला आणि तो राहिला. पण मला आता बाई वेगळ्याच दिसू लागल्या. खुर्चीच्या आडव्या दांडीवर त्या पाय उचलून ठेवायच्या. तो जवळून गेला की रुमाल घट्ट धरायच्या. हे महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि वर्गात बघायला शिकलेली मी, मला ते दिसलं नव्हतं!

जानेवारीत आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लिहायला घेतली. अनुस्वार कुठून आला? प्रत्येकाने एक पान लिहायचं, आधीच्याने जिथे सोडलं तिथून पुढे. प्रकाशने त्याला लाल किल्ल्यावर पहारा करायला ठेवलं. मी त्याला कोथिंबीर चोरणाऱ्या गायीशी भांडायला लावलं. शेवटचं पान रंजनाचं होतं. तिने लिहिलं की अनुस्वार एका फौजीच्या घरचा. त्यांची बदली झाली, गाडीत कुत्र्याला जागा नव्हती. तो स्टेशनाबाहेर थांबला आणि पोरांचा आवाज आला त्या दिशेने चालत सुटला. बाईंनी ते पान वर्गात वाचलं. त्याखाली हिरव्या शाईत काहीच लिहिलं नाही.

वार्षिक परीक्षा संपली त्याच आठवड्यात रंजनाच्या वडिलांची बदली झाली. ती गावाकडे जाणार होती. नवी दिल्ली स्टेशन शाळेपासून चालत जाण्याएवढं. आम्ही दहा-बारा जण बाईंबरोबर सकाळीच निघालो. पहाडगंजच्या गर्दीतून अनुस्वारही आमच्यामागून आला, ते प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर कळलं.

रंजना खिडकीत बसली होती. तिने आम्हा सगळ्यांचे हात धरले, पण तिचे डोळे कुत्र्याला शोधत होते. "अनुस्वार, ये की रं!" ती हाका मारत होती. तो मात्र इंजिनाच्या शिटीने आणि हमालांच्या धावपळीने बिचकून एका खांबाला चिकटला होता. मी पट्टा धरून ओढलं, तर त्याने मान मागे खेचली आणि पट्टाच माझ्या हातात आला. प्रकाश गेला तर त्याच्यावर गुरगुरला. गार्डने शिटी दिली. रंजना रडू लागली.

बाई पुढे झाल्या. खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी त्या कुत्र्याला उचललं. त्याआधी त्यांनी त्याला एकदाही हात लावला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तो धडपडत होता, साडीवर त्याच्या पंजांचे मातीचे ठसे उठत होते. त्या एकेक पाऊल टाकत खिडकीपर्यंत गेल्या आणि त्याला वर धरलं. रंजनाने गजांतून हात काढून त्याच्या कपाळावर ठेवला. गाडी हलली. बाई तिच्याबरोबर चार-पाच पावलं चालल्या, तो हात सुटेपर्यंत. गाडी गेल्यावर त्यांनी कुत्र्याला हलकेच खाली ठेवलं, बाकावर बसल्या आणि रुमालाने तळहात पुसत राहिल्या. आम्ही त्यांच्याभोवती उभे होतो.

अनुस्वार पुढे चार वर्षं शाळेत होता. बाईंनी किती वर्गांना त्याच्याकडे बघायला शिकवलं, मोजलं नाही. निवृत्तीनंतर त्या मयूर विहारच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायच्या. तिथेच त्या गेल्या, त्याला आता सहा वर्षं झाली.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. आम्ही दोघी खाली बागेत उन्हात बसलो. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं. "बाई, त्या दिवशी स्टेशनवर तुमची भीती गेली ना?"

"गेली कसली!" त्या हसल्या. "तशीच आहे. चांगली धडधाकट."

परत निघालो तेव्हा लिफ्टचं दार उघडलं. आत शेजारच्या बाई त्यांच्या तपकिरी कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. सबनीसबाई थबकल्या, पदर सावरला, मानेने नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा हं." मग एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाई कठड्याला धरून जिना चढू लागल्या. मी त्यांच्यामागून, एकेक पायरी.