पोटाच्या गोळ्या

नवरा गेल्यावर मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. घर थोरल्या जावेचं. तीही विधवा. तिला मी एवढंच सांगितलं की पोटाचं दुखणं आहे, गोळ्या कायमच्या. खरं कळलं तर तिनं घराबाहेर काढलं असतं आणि मला माहेर उरलेलं नव्हतं. डबीवरचा कागद खरवडायचा आणि डबी फळीवर ठेवायची. बरीच वर्षं निभलं.

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, विषाणू दबलाय, पण आतड्याची भिंत कमजोर झालीय. तिथल्या जंतूंची घाण रक्तात झिरपते, म्हणून अंगात सूज राहते. फक्त आतड्यातल्या जंतूंवर चालणारी एक गोळी आम्ही तपासतोय. गुण येईलच असं नाही." मी संमतीच्या कागदावर सही केली. चौथी शिकलेय, अंगठा देत नाही.

म्हणजे पोटाची गोळी घरात खरोखरच आली. जुन्या डबीशेजारी ठेवली.

मग जावेला जुलाब लागले. मी गोठ्यातून आत आले तर ती फळीपाशी उभी. हातात माझी जुनी डबी, तळहातावर गोळी.

"अक्का, ठेव ती."

"का? पोटाचीच हाय न्हवं?"

"दुसऱ्याला द्यायची न्हाई."

"एका गोळीनं तुझं काय झिजतंय गं?" तिनं तांब्या उचलला.

मी मनगट धरलं. तिनं हिसडा दिला. "सोड! आत्ता न्हाई तर तू रानात गेल्यावर खाईन की."

तिनं खाल्लीच असती. हट्टी बाई.

"एचआयव्हीची हाय ती," मी म्हणाले.

गोळी खाली पडली.

"म्हंजे माझा दीर..."

"व्हय. त्याच्याकडनंच आलं."

"आणि एवढी वर्सं ह्या घरात भाकऱ्या तू थापल्यास?"

"तू खाल्ल्यास की. भाकरीतनं येत न्हाई ते."

ती पोट धरून परसात पळाली. मी मीठ-साखरेचं पाणी केलं आणि पेला उंबऱ्यावर ठेवला. माझ्या हातातून तिनं घेतलं नसतं. परत आल्यावर तिनं पेल्याकडे नुसतं बघितलं. मी चुलीकडे तोंड करून बसले. कपडे कशात बांधायचे, याचा विचार करत होते.

"खारट केलंयस," मागून आवाज आला. पेला रिकामा होता.

बरी झाल्यावर तिनं स्वतः जेवण वाढलं. माझं ताट लांब, दाराशी मांडलं होतं. मी ते उचललं आणि तिच्या ताटाला लावून बसले. तिनं तोंड वाकडं केलं, पण आपलं ताट सरकवलं नाही.