कथबर्ट लोहाराची कुलूपबंद झडप

कथबर्ट स्टोबर्ट आमच्या खाणवस्तीचा लोहार. लिहिणं त्याला येत नसे. इंजिनाचा आराखडा तो भट्टीपुढच्या फरशीवर खडूनं काढायचा आणि तिथं झाडू फिरवायची बायकोला बंदी होती. टाईन नदीकडे कोळसा नेणारं आमचं पहिलं वाफेचं इंजिन त्या फरशीवर तीनदा उमटलं. पहिल्याची चाकं रुळांवर घसरली. दुसऱ्याच्या वजनानं ओतीव लोखंडाचे रूळच मोडले. तिसरं चाललं, फक्त चढावर दमायचं.

दमलं की आधी कोळसा ओढून नेणारे घोडेवाले विचारायचे, "नेड, आमची घोडी जोडू का रे? म्हातारी आहे, पण तुझ्या किटलीला ओढील."

नेड चार्लटन इंजिन हाकायचा. कथबर्टचा जावई, त्याच्या लेकीचा, इसाबेलचा नवरा. टोमणे झोंबायचे, म्हणून जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपेच्या दांड्याला तो वीट टांगायचा. वाफ कोंडायची, इंजिन चढ चढायचं. सगळ्याच खाणींवर असं करत. पलीकडच्या खाणीत अशाच विटेपायी बॉयलर फुटला, तेव्हा हाकणाऱ्याचा एक बूट चर्चच्या छपरावर सापडला. तो त्याच्या आईनं ओळखला.

कथबर्टनं फरशीवर दुसरी झडप काढली आणि बॉयलरच्या माथ्यावर, जाळीदार लोखंडी पेटीत बसवली. पेटीला कुलूप, किल्ली स्वतःच्या गळ्यात. आता नेडनं वीट टांगली तरी वाफ वरून निघून जाई.

इंजिन पुन्हा चढावर थांबू लागलं.

"सासरेबुवा, तुमच्यामुळे ती घोडीसुद्धा हसते मला."

"हसू दे. इसाबेल रडण्यापेक्षा बरं."

शेवटी खाणीचे व्यवस्थापक फेदरस्टन आले. नदीवर कोळशासाठी जहाज खोळंबलं होतं.

"किल्ली दे, कथबर्ट."

"देतो. वीट टांगा आणि तुम्हीच वर बसा. कोळसा मी घालतो."

फेदरस्टन काही वर चढले नाहीत.

"नोकरी जाईल. राहतोस ते घरही खाणीचंच आहे."

"ठाऊक आहे. ऐरण तेवढी माझी, ती नेईन."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर सामान चढलं. निघताना कथबर्टनं गळ्यातली किल्ली काढून दिली. फेदरस्टननी कुलूप उघडलं, तर आत झडपेवर दुसरं जाळीचं झाकण, चारही बाजूंनी रिव्हेट ठोकून बंद. ते काढायचं म्हणजे आग विझवायची, बॉयलर निववायचा, दोन दिवस लोहार लावायचा. लोहाराला तर त्यांनीच काढलं होतं.

"मग कुलूप कशाला लावलंस?"

"तुम्ही किल्लीच मागत बसावं म्हणून. रिव्हेट तोडायला छिन्नी मागितली असती, तर या नेडनं दिली असती."

नेडची मान खाली गेली. मग त्यानं दांड्याची वीट सोडून गवतात फेकली आणि कोळशाच्या निम्म्या वाघिणी स्वतःच्या हातानं सुट्या केल्या. दोन खेपा होतील, होऊ देत.

"घोडी जोडू का रे?" सवयीनं कुणीतरी विचारलंच.

"जोड की. त्या हातगाडीला जोड," नेड म्हणाला. "ऐरण जड आहे."

घोडेवाल्यानं खरंच जोडली.