कोणत्या नदीत?

शेजारणीनं काल विड्यांसाठी तेंदूची पानं भिजवली आणि त्या वासासरशी मी मनानं तिरोड्याच्या विडी कारखान्यात जाऊन बसले. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. आम्ही बाया विड्या वळायचो आणि आम्हीच पदरमोड करून ठेवलेले मास्तर पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या दिवशी गोष्ट अमेरिकेतल्या गुलामांची होती. गुलामगिरीविरुद्ध लिहून छापणाऱ्या एका माणसाचा छापखाना मालकांच्या लोकांनी फोडून नदीत फेकला.

“कोनत्या नदीत जी? आपल्या वैनगंगेत का?” सखूबाईनं विचारलं.

आम्ही खो खो हसलो. मास्तर हसले नाहीत. दारात मालकाचा मुनीम उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत. पुढं वैनगंगेत ढिवरांच्या जाळ्यात त्यांची सायकल वर आली. कारखान्यात फक्त पानं कापणाऱ्या कात्र्या वाजत राहिल्या.