मुंगीवर हसलेला राजा

उस्ताद मशिदीत बसून हसत. दर शुक्रवारी नमाजानंतर ते कुराणाचा अर्थ सांगत. मागच्या वेळी जिथे थांबले तिथून पुढे, एकही आयत न गाळता. "अल्लाहच्या बोलण्यात चिमटे असतात," ते म्हणत. "घमेंडखोराला यातनांची खूशखबर द्या म्हणतो! खूशखबर!" आणि स्वतःच आधी हसत.

या क्रमानेच त्यांचा घात केला. नरकात पाप्याच्या डोक्यावर उकळतं पाणी ओततात आणि म्हणतात, "चाख आता! तू तर मोठा प्रतिष्ठित, सन्माननीय!" ही आयत आली, तेव्हा पहिल्या रांगेत मशीद समितीचे अध्यक्ष बसले होते. नावाआधी 'सन्माननीय' लागल्याशिवाय या गृहस्थांना पाणी गोड लागत नसे. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळी मशीद हसली.

अध्यक्ष चकार शब्द बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून लोक उस्तादांचा सलाम चुकवू लागले. ते दिसले की खाटकाला नेमकी सुरीला धार लावायची आठवण होई. मग दोन माणसं आली आणि मशिदीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांची मापं घेऊन गेली. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. नोकरी गेली की छप्परही गेलं. आत बायको कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली.

"कोण होतं हो?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मला काय कळत नाही? या शुक्रवारी एखादी गरीब गोष्ट सांगा. मधलं गाळा. अल्लाह समजून घेईल, हा माणूस नाही घ्यायचा."

उस्तादांनी आयुष्यात प्रथमच क्रम मोडला. पानं उलटून त्यांनी मुंगीची गोष्ट काढली, पोराटोरांना सांगायची. हजरत सुलेमानांची फौज येताना बघून मुंगी ओरडते, "घरात शिरा गं, नाहीतर चिरडतील तुम्हाला, आणि त्यांना कळणारही नाही!"

गाळलेलं प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं.

"शहाणी मुंगी," अध्यक्ष हळूच म्हणाले. "पुढे?"

भीतीच्या भरात पुढचं उस्तादांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं. हेही गाळता आलं असतं. पण एकदा गाळल्याचीच त्यांना आठवडाभर पुरेल एवढी लाज वाटत होती.

"पुढे सुलेमान तिचं बोलणं ऐकून हसले," ते म्हणाले. "एवढे मोठे राजे, अल्लाहचे नबी. पण रागावले नाहीत. हसले."

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे गेल्या. अध्यक्ष सावकाश उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"खोल्यांची किल्ली द्या."

"बायको आत आहे," उस्ताद म्हणाले. "तिला उठता येत नाही."

"मग उचलून आणा," अध्यक्ष म्हणाले, आणि हसले.