जावयाला दिलेला फोन

आमच्या जव्हारच्या घरात सगळ्यांचे मोबाईल एकाच फॅमिली प्लॅनवर आहेत. प्लॅन थोरल्या दिरांच्या नावावर. आम्ही आपापला वाटा देतो, बिल ते भरतात आणि कंपनीचे मेसेज फक्त त्यांना येतात.

मी नर्स आहे, सूर्यमाळच्या पाड्यांवर फिरते. माझा नंबर तिथल्या उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला आहे. बायकांनी तो घरोघरी दाराच्या फळीवर कोळशानं लिहून ठेवलाय. गेल्या वर्षी माझा फोन दुपारीच मान टाकायला लागला. एका बाईला कळा सुरू झाल्या, घरचे फोन करून थकले आणि शेवटी माणूस शोधायला निघाला. मी शेजारच्याच पाड्यावर होते. मला बघून तिची सासू म्हणाली, "बाय, फोन मेला का तू मेलीस, आमाला कसा कळायचा?" बाई सुखरूप सुटली. पण दर वेळी शेजारच्या पाड्यावर असेनच असं नाही. मला चालणारा फोन हवा होता, बस.

सुट्टीच्या दिवशी डेपोजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदारानं नंबर टाकून बघितला.

"मॅडम, प्लॅनवर सलग टिकलेल्या नंबराला सवलतीत नवा फोन मिळतो. तुमच्या घरात तुमचाच नंबर बसत होता."

"होता म्हणजे?"

"फोन घेतला की दिवाळीआधी. हप्ता तुमच्या नंबरच्या बिलात लागतोय. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला असणार."

घरातले बाकीचे नंबर स्वस्त मिळेल तिकडे जातात आणि महाग झालं की परत येतात. माझा भिंतीवर रंगवलेला, तो जाणार कुठे? म्हणून तो टिकला. आणि ओटीपीही आठवला. पाड्याच्या वरच्या खडकावर, जिथे रेंज येते तिथे, उभी असताना दिरांचा फोन आला होता. "बिलाचं काहीतरी आहे, मेसेजमधले आकडे सांग." घरातल्या मोठ्या माणसाला कशाला म्हणून कोण विचारतं? सांगितले.

संध्याकाळी विचारलं तेव्हा दीर शांतपणे म्हणाले, "जावईबापूंना दिवाळसणाला दिला. पहिला सण, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

"माझ्या नंबरवरचा फोन होता, भाऊजी."

"नंबर तुझा असेल, प्लॅन माझा आहे."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "पुतणीच्याच नवऱ्याला मिळाला ना? परक्याला तर नाही!" आमचे हे टीव्हीकडे बघत बसले. जाहिरात चालू होती, तीसुद्धा मन लावून बघितली.

विषय तिथेच संपला असता. पण जावईबापूंनी आपलं सिम घातलं आणि फोन चालेना. सवलतीतला फोन ज्या नंबरवर घेतला त्याचंच सिम घातलं तर चालतो, हे दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे. दिरांनी ऐकलं नसेल. मग एका रविवारी सगळे माझ्याभोवती बसले.

"तुझं सिम दे त्यांना," दीर म्हणाले. "तुला दुसरं घेऊन देतो. तुला काय, बोलण्याशी मतलब."

"देते. कळा सुरू झालेली बाई मग जावईबापूंना फोन करेल. जातील का ते सूर्यमाळला?"

सासूबाईंना हसू फुटलं. दिरांनी बघितल्यावर त्या गप्प झाल्या. मी सिम दिलं नाही. पुढचा आठवडाभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. मीही कोणाची मनधरणी केली नाही.

शेवटी पुतणी येऊन फोन टेबलावर ठेवून गेली. जावईबापूंना अंगठी केली. मला वाटलं, आता तरी प्रश्न सुटला. सिम माझ्याकडे, फोन टेबलावर. मी हात पुढे केला.

"अगं, छे!" जाऊबाईंनी फोन उचलून पदराखाली घेतला. "कुंकू लावून जावयाच्या हातात दिलेली वस्तू. ती आपण वापरायची? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगायला जातंय?"

"देवाला तर दिसतं," सासूबाई म्हणाल्या. त्या रविवारचं हसू विसरून त्या एकदम धर्माच्या बाजूला गेल्या होत्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "राहू दे ना. घरातल्या घरात कशाला?"

घरातल्या घरात म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. फोन माझ्या नंबरचा, त्याचा हप्ता माझ्या वाट्यात, आणि तो माझ्याशिवाय कोणाच्याही हातात चालत नाही. तरी तो माझा नाही.

मी जुन्या बाजारातून वापरलेला फोन घेतला. बॅटरी बरी आहे, पाड्यांवरचे फोन लागतात. नवा फोन जाऊबाईंच्या कपाटात चांदीच्या ताटाशेजारी आहे. दर रविवारी त्या तो बाहेर काढतात, चार्जिंगला लावतात आणि दिवा हिरवा झाला की पदरानं पुसून परत आत ठेवतात. पडून पडून खराब होईल, म्हणतात.