दोनशे वर्षांचा दुष्काळ

प्रयोगशाळेत तिला सगळे पूडमावशी म्हणत. सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, दगडाचं पीठ करायचं. दगड डोंगरातला असो की समुद्राच्या तळचा, अकीकाच्या टणक खलात तिच्या हाताखालून गेला की पार मऊसूत. "घरी लसूण ठेचायचा कंटाळा, आणि इथं म्हणे डोंगर कुटतेस!" धाकटी बहीण चिडवायची.

त्या वर्षी विभागाच्या सरांनी एका गुहेतून चुनखडीचा सुळका आणला. छतातून टपकणाऱ्या पाण्यानं हजारो वर्षांत वाढलेला. सर जिभेचे तिखट, पण समजावून सांगायची भारी हौस. "पाऊस रोडावला, की पाणी दगडात रेंगाळतं. मग थेंबातलं मॅग्नेशियम किंचित वाढतं. तेवढंच आपण मोजायचं," ते म्हणाले.

सुळका उभा चिरून त्याच्या एका अर्ध्या भागातला दर दहा वर्षांचा थर मावशीनं कोरला, कुटला, कुप्यांत भरला. यंत्रानं आकडे दिले आणि सर हरखून गेले. ओळीनं वीस थरांत मॅग्नेशियम चढलेलं! म्हणजे दोनशे वर्षांचा दुष्काळ. परिषदेत व्याख्यानही ठरलं.

मावशीनं त्या वीस कुप्यांचे क्रमांक पाहिले आणि आपल्या वहीतल्या तारखांशी ताडून बघितले. ते थर कुटले त्या आठवड्यात तिच्या हातांवर पुरळ आलं होतं. प्रयोगशाळेचे हातमोजे झोंबत, म्हणून तिनं बहिणीनं औषधाच्या दुकानातून आणलेले घातले होते, आत पांढरी पावडर असलेले. घालता-काढताना ती भुरभुरायची. हात बिघडलाय म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाईल, या धास्तीनं ती कुणाला बोलली नव्हती. घरी जाऊन तिनं खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. पावडरीत मॅग्नेशियम होतं.

जेवताना तिनं ते बहिणीला सांगितलं.

"आक्का, हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस! कोण बघायला येणारंय?" बहीण म्हणाली.

"कुणीच नाही गं. म्हणून तर सांगायला हवं."

सकाळी तिनं ते खोकं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. सरांचा चेहरा उतरला.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"हातमोज्यांचं तेव्हाच सांगायला हवं होतं, सर. चूक माझीच. पण आत काय आहे ते काल कळलं."

पुढचे आठ दिवस सर तिच्याशी चिठ्ठीनं बोलले. व्याख्यान रद्द झालं. मावशीनं मान खाली घालून सुळक्याच्या उरलेल्या अर्ध्या भागातले तेच वीस थर पुन्हा कोरले. या खेपेला प्रत्येक कुपीच्या वेळी खल धुतला, हातमोजे बदलले आणि वहीत तसं लिहिलं.

नवे आकडे घेऊन सर स्वतः तिच्या खोलीत आले. सोळा थर खाली आले होते. लागोपाठचे चार मात्र चढलेलेच राहिले.

"चाळीस वर्षं," स्टूल ओढून बसत ते म्हणाले. "दोनशे नाही, पण दुष्काळ होता."

"सर, तेव्हा त्या गुहेपाशी माणसं राहत होती?"

"होती. चुलींची राख सापडलीय तिथं."

मावशीनं सुस्कारा टाकला. "मग चाळीसच निघाली ते बरंच झालं. दोनशे वर्षं कशी काढली असती हो बिचाऱ्यांनी?"

सर कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच हसले.